माह्ये सातशे

मंगळवारचा बाजार. मी वांगी निवडत होते, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "सिस्टर, माह्ये सातशे?"

वळून पाहायची गरज नव्हती. पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची बाई होती ती. कडेवर आठ महिन्यांचं पोरगं, त्याच्या मुठीत शेवेची पुडी. गेले सात महिने जिथे भेटेल तिथे तिचं हे एकच. बाजारात, अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी, एकदा तर मी एसटीत बसलेली असताना खिडकीतून. रामराम नाही, काही नाही.

"आले नाहीत का गं अजून?"

"आले असते त तुमाले इचारलं असतं का?"

वांगीवाली आमच्या दोघींकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत मी मला स्वच्छ दिसत होते: गरिबाचे पैसे दाबून बसलेली सरकारी नर्स. त्या दिवशी मी भाव न करता अर्धा किलो वांगी घेतली आणि निघाले. घरी येऊन पाहते तर निम्मी किडकी.

ही गोष्ट २०१९ ची. मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याकडच्या एका उपकेंद्रात आरोग्य सेविका होते. पदाचं जुनं कागदी नाव भारदस्त आहे, सहायक परिचारिका प्रसाविका, इंग्रजीत एएनएम. त्या नावाने मला ३६ वर्षांत कोणी हाक मारली नाही. सिस्टर, नाहीतर नर्सबाई. २०२५ मध्ये निवृत्त झाले. आता निवांत बसून नोकरी आठवायला लागले की बाळंतपणं, लसी, साथी सगळं मागे राहतं आणि ते सातशेच आधी पुढे येतात.

जननी सुरक्षा योजना २००५ मध्ये आली. बाईने घरी बाळंत न होता दवाखान्यात यावं म्हणून सरकारने पैसे द्यायचं ठरवलं. आपल्या राज्यात दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला खेड्यात ७०० रुपये, शहरात ६००. तिला दवाखान्यापर्यंत आणणाऱ्या आशाला वेगळे ६००. मला त्यातलं काही नाही, कारण मला पगार. हे मी गावात किमान शंभरदा सांगितलं असेल. लोक मान डोलवायचे. ती मान "बरं बाई, तुम्ही म्हणता तर तसं" अशी डोलायची.

सुरुवातीची काही वर्षं हे पैसे आमच्याच हातून जायचे. बाई बाळंत झाली, कागद झाले, सही-अंगठा घेतला, पैसे दिले. त्यात काही ठिकाणी खाल्ले जायचे, मी नाकारत नाही. मग आलं की पैसे थेट खात्यात. चांगलंच झालं. पण आधी पैसे मिळाले नाहीत तर भांडायला समोर एक माणूस असायचा. आता भांडायचं कोणाशी? तालुक्याचा अकाउंटंट म्हणणार, आम्ही टाकले. बँक म्हणणार, आमच्याकडे आले नाहीत. तरी लोकांना भांडायला माणूस लागतोच. तो माणूस मी.

त्या कोलाम बाईच्या कागदांची गंमत सांगते. आधारवर तिच्या नावापुढे बापाचं नाव. पासबुकावर नवऱ्याचं. रेशनकार्डावर तिचं नावच वेगळं, लग्नात सासरच्यांनी ठेवलेलं. एकाच बाईच्या तीन बाया. मी तालुक्याला गेले की त्या तिघी एकच आहेत हे सिद्ध करायचा प्रयत्न करायची. समोरचा टेबलावरचा मुलगा चांगला होता, पण त्याच्या कॉम्प्युटरला एकच बाई हवी होती.

आणि ती बाळंत झाली होती ते माझ्याच टेबलावर. ऑगस्टची रात्र, नाल्याला पूर, तालुक्याचा रस्ता बंद. बैलबंडीत घालून आणली होती, वर युरियाच्या पोत्यांची घोंगडी. पोरगं पहाटे झालं, २ किलो ३०० ग्रॅम. पुढचे दोन दिवस पाणी उतरलं नाही, त्यामुळे ती, तिची सासू आणि नवरा उपकेंद्रातच. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे, त्यात बाळंतिणीला दवाखान्यात असेपर्यंत, साध्या बाळंतपणात तीन दिवसांपर्यंत, जेवण फुकट. आमच्या उपकेंद्रात स्वयंपाकघर नव्हतं. तेव्हा शासनाचं ते मोफत जेवण माझ्या क्वार्टरमधल्या कुकरमध्ये शिजलं. सासूला वरण पातळ वाटलं. तिने तसं सांगितलंही.

जेवणाचं बिल मी नंतर लावलं. मंजूर झालं, उशिरा झालं, मी ते सांगत बसत नाही. मला सांगायचं आहे ते वेगळंच. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर 'मोफत' हा शब्द मोठ्या अक्षरात असतो आणि तो खोटा नसतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून तर राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरचे पाच-दहा रुपयेसुद्धा बंद झाले. पण भिंतीवरचा 'मोफत' आणि माणसाच्या हातात पडणारा 'मोफत' यांच्यात एक फट असते, आणि त्या फटीत नर्स उभी असते. कधी आपला कुकर लावून, कधी आपलं पेट्रोल जाळून, बरेचदा नुसत्या शिव्या खाऊन.

मी नोकरीला लागले १९८९ मध्ये. तेव्हा आमच्या भागात बाळंतपणं दाईच करायची. दाईची फी ठरलेली. पाचवीला शिधा, नारळ, ऐपत असेल तर लुगडं. मुलगा झाला तर दोन पायल्या जवारी, मुलगी झाली तर एक. मी एका म्हाताऱ्या दाईला विचारलं होतं, कष्ट तर तेवढेच, मग पायली कमी का? ती म्हणाली, "अवं, पोरगी झाली त म्या मांगतच नाही. त्यायचं तोंडच पडेल राह्यते." मुलगी झालेल्या घरातली दुसरी पायली हा तिने सोडलेला हिशोब होता. असल्या हिशोबाला कोणत्या रजिस्टरमध्ये कॉलम नसतो.

जवारीवरून आठवलं. ट्रेनिंगला असताना आम्हा मुलींना सेवाग्रामच्या बाजूच्या एका गावात नेलं होतं. तिथल्या कस्तुरबा दवाखान्याने आजूबाजूच्या गावांत एक विमा योजना चालवली होती, डॉ. उल्हास जाजू त्यात पुढे होते. विम्याचा हप्ता जवारीत. खळं झालं की गावाची सभा व्हायची आणि प्रत्येक घर आपापली जवारी आणून टाकायचं. ज्याला शेती जास्त त्याची जवारी जास्त, भूमिहीनाची थोडी. त्या जवारीवर गावातल्या आरोग्यसेवकाचा, औषधाचा खर्च निघायचा आणि पुढे मोठ्या दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली तर सवलत मिळायची. दोन-चार घरांनी जवारी दिली म्हणून चालायचं नाही, गावातली बहुतेक घरं आली पाहिजेत अशी अट होती.

मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांची. मला त्या पोत्यांचं फार काही वाटलं नव्हतं. आम्ही मुली एका मांजराच्या पिल्लाशी खेळत होतो. आता वाटतं, नीट पाहायला हवं होतं. कारण नंतरच्या सगळ्या नोकरीत पैसे देणारा आणि औषध घेणारा मला एका ठिकाणी उभे असलेले दिसले नाहीत. तिथे ते एकाच खळ्यावर होते. पोतं कोणी भरलं, कोणी अर्धं आणलं, सगळं गावासमोर. पुढे आमच्या शिवारातून जवारीच गेली, सोयाबीन आलं. सोयाबीन कोणी घरात साठवत नाही, काढलं की विकलं.

आज विमा म्हणजे महात्मा फुले जन आरोग्य योजना. आधी ती राजीव गांधींच्या नावाने होती, २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत विदर्भातले अमरावती आणि गडचिरोली. आम्हाला नंतर लागू झाली. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत, आता पाच लाखांपर्यंत. चांगली योजना आहे, मी माझ्या गावांतले कितीतरी पेशंट त्यावर सावंगीला, नागपूरला पाठवले. पण एका माणसाचं सांगते. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन योजनेतून झालं, दवाखान्याने रुपया घेतला नाही. परत आल्यावर त्याच्या अंगणात गेले तर खुंट्यावर बकऱ्या नव्हत्या. दोन विकल्या होत्या. जायची-यायची गाडी, सोबतच्या दोन माणसांचं खाणं, सोंगणीच्या दिवसांत बुडालेली मजुरी. बायको म्हणाली, "आपरेशन फुकट झालं, सिस्टर. दवाखान्यात राहनं फुकट नाही झालं."

आमचं उपकेंद्र म्हणजे व्यवस्थेची सगळ्यात खालची पायरी. सपाट मुलखात ५,००० लोकांमागे एक, आदिवासी-डोंगराळ भागात ३,००० मागे एक असा नियम. माझ्याकडे सहा गावं आणि चार पोड. उपकेंद्र आणि त्यावरचं प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. त्यावरचं ग्रामीण रुग्णालय मात्र राज्याच्या आरोग्य विभागाचं, तिथे सिव्हिल सर्जनचा कारभार. पेशंटला ही सीमा दिसत नाही. तिला वाटतं, सगळं सरकारीच. रेफर चिठ्ठी घेऊन सीमा ओलांडणाऱ्या नर्सला मात्र ती चांगलीच दिसते.

उपकेंद्राला वर्षाला थोडा निधी यायचा, अबंधित निधी, सुरुवातीला १०,००० रुपये. म्हणजे कशावर खर्च करायचा ते वरून ठरवलेलं नाही. खातं माझ्या आणि सरपंचाच्या सहीने. आमच्या सरपंच बाई होत्या आणि त्यांची सही त्यांचे यजमान आणून द्यायचे. प्रसूतिगृहातला दिवा गेला, पडदा फाटला, पाण्याची टाकी गळायला लागली, की मी चेक घेऊन त्यांच्या ओट्यावर. यजमान विचारायचे, "शिल्लक किती राह्यते?" मी सांगायची. मग ते हिशोब करायचे, मनातल्या मनात, आणि म्हणायचे, "मंग ग्रामपंचायतीसमोर एक बल्ब घ्या नं त्याच्यातच." मी म्हणायची, भाऊ, तो आरोग्याचा पैसा आहे. ते म्हणायचे, अंधारात कोणी पडलं तर आरोग्यच बिघडन नं. पाच वर्षांत त्यांनी एकदाही सही अडवली नाही आणि एकदाही बल्बचा विषय सोडला नाही. शेवटी मी माझ्या पैशाने एक बल्ब आणून दिला.

आता नियमांचं.

नर्सला वाटेल ते करता येत नाही, आणि तसंच असावं. माझी नोंदणी मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेत. १९६६ चा कायदा आहे त्यासाठी. दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं जमवायची. देशपातळीवर १९४७ चा परिचर्या परिषदेचा कायदा होता, २०२३ मध्ये संसदेने त्याच्या जागी परिचर्या आयोगाचा नवा कायदा केला. मुंबई-दिल्लीत काय ठरतं ते पोडावर पोचेपर्यंत त्याचं झेरॉक्सचं झेरॉक्स झालेलं असतं. माझ्याकडे असं एक झेरॉक्स होतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पर्समध्ये. त्याची गोष्ट सांगायलाच हवी.

२०१२ चा डिसेंबर. रात्री दोनच्या सुमारास दारावर थापा. पहिलटकरीण, आठवा महिना. दुपारपासून डोकं दुखत होतं, संध्याकाळी डोळ्यांपुढे अंधारी, रात्री झटके. घरच्यांना वाटलं बाहेरचं आहे. उतारा करून झाला होता, कपाळावर कुंकू आणि राख. मी बीपी घेतलं, १७० वर ११०. हात धरला तेवढ्यात दुसरा झटका माझ्यासमोर आला. मान एकीकडे ओढली गेली, दात करकरले, पलंगाचा पत्रा वाजायला लागला. तो आवाज अजून कानात आहे.

पूर्वीचा नियम साधा होता: डावीकडे वळवा, श्वास मोकळा ठेवा, पाठवा. पण २०१० च्या केंद्राच्या प्रसूती मार्गदर्शिकेत एएनएमला परवानगी आली होती की झटक्यांच्या बाईला पाठवण्याआधी मॅगसल्फचा, म्हणजे झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा, पहिला डोस तिने द्यावा. एका बाजूच्या कुल्ल्यात ५ ग्रॅम, दुसऱ्या बाजूला ५ ग्रॅम, खोल. आमचं ट्रेनिंग झालं होतं, उशीवर सुया टोचून. जिवंत माणसाला मी तो डोस कधीच दिला नव्हता. एका अँप्युलमध्ये २ मिली, त्यात १ ग्रॅम. म्हणजे दहा अँप्युल फोडायचे. मी टॉर्च तिच्या सासऱ्याच्या हातात दिला. त्यांचा हात थरथरत होता, म्हणून उजेड कधी भिंतीवर, कधी सुईवर. दहा अँप्युल फोडताना अंगठ्याला दोनदा काच लागली. आधी एकदा एक्स्पायरी बघितली, मग पुन्हा बघितली. श्वास मोजले, मिनिटाला १८. गुडघ्यावर टिचकी मारून पाहिली, पाय उडाला. मग टोचलं. औषध फार आग करतं, ती बेशुद्धीतसुद्धा कण्हली. रेफर चिठ्ठीवर लिहिलं: मॅगसल्फ १० ग्रॅम, २.२० वाजता. आणि शेजारच्या गावाच्या जीपवाल्याला उठवलं.

मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा फटफटत होतं. ड्युटीवर बॉण्डवरचा, म्हणजे शिकून झाल्यावर सक्तीची सरकारी सेवा करणारा डॉक्टर, असेल चोवीस-पंचवीसचा, डोळे तांबारलेले. चिठ्ठी वाचून म्हणाला, "हे कोणी दिलं?"

"मी."

"कुणाच्या ऑर्डरने? सिस्टर, तुम्ही एएनएम आहात. हे तुम्हाला देता येत नाही. काही झालं असतं तर?"

मी प्लॅस्टिकची पिशवी काढली. घडीवर फाटलेलं ते झेरॉक्स त्याच्यापुढे धरलं. बोट ठेवलं त्या ओळीवर. अंगठ्याला रक्त सुकलेलं होतं, ते कागदाला लागलं. त्याने वाचलं, मग पुन्हा वरून वाचलं. काही बोलला नाही. तिचा श्वास मोजला, गुडघा पाहिला, लघवीची नळी घालायला सांगितली आणि पुढच्या डोसची वेळ स्वतःच्या हाताने लिहिली, माझ्या २.२० वरून मोजून. तेवढं मला पुरलं. सिझर झालं. मूल १ किलो ७०० ग्रॅमचं, मुलगी. दोघी घरी आल्या.

ही गोष्ट मी शौर्यकथा म्हणून सांगत नाही. मला तेव्हा आणि नंतरही एकच छळत राहिलं. समजा तो कागद त्या रात्री घरी राहिला असता. औषध तेच, डोस तोच, नियम तोच. पण मी गुन्हेगार. आमच्या कामात परवानगी असून भागत नाही, ती अंगावर बाळगावी लागते.

आणि गंमत अशी की त्याच गावात आठवड्यातून तीनदा मोटारसायकलवरून एक 'डॉक्टर' यायचा. कुठली पदवी, कुठली नोंदणी, कोणाला ठाऊक नाही. कापूस वेचून थकलेल्या बायांना पिवळी सलाईन लावायचा, एकावर एक सुई. एका सुईचे पन्नास. बाया मला म्हणायच्या, "तुमी नुसत्या गोळ्या देता, सिस्टर. थो सुई देते." नोंदणी नसलेल्यांनी वैद्यकी करू नये असा राज्याचा कायदा १९६१ पासून आहे, तालुक्याला बोगस डॉक्टर शोधायची समितीही असते. मी दोनदा कळवलं. तो पंधरा दिवस दिसायचा नाही आणि मग शेजारच्या गावाच्या पारावर बसायचा. त्याला कोणी कधी ऑर्डर विचारली नाही.

९ जानेवारी २०२१ ला पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. त्या दिवशी आमच्या सगळ्या नर्सांच्या फोनवर एकच विषय. बाळांच्या आयांचं दुःख मी इथे शब्दांत मांडायला जात नाही. पण चौकशीनंतर जी कारवाई झाली त्यात वरचे अधिकारी निलंबित झाले आणि कंत्राटी नर्सांची सेवाच संपवली गेली. हे वाचून आमच्या केंद्रातली कंत्राटी मुलगी दिवसभर गप्प होती. चूक कोणाची किती हे ठरवणारी मी कोण. पण निलंबित माणूस चौकशीनंतर परत खुर्चीवर येऊ शकतो. कंत्राटी माणसाला परत यायला खुर्चीच नसते. कायम आणि कंत्राटी यांतला फरक मी तोवर फक्त पगाराचा समजत होते.

ती मुलगी माझ्यासारखंच काम करायची. तीच गावं, तेच रजिस्टर, वर टॅबमध्ये तीच माहिती पुन्हा. पगार माझ्या निम्म्यालाही पोचत नव्हता. दरवर्षी ११ महिन्यांची ऑर्डर, मध्ये एक दिवसाचा खंड. त्या एका दिवशी ती कोण असायची? नर्स नाही, बेरोजगार नाही. एकदा नेमक्या त्याच दिवशी लसीकरण होतं. ती आली, लसीचा डबा उचलला आणि म्हणाली, "मॅडम, आज मी बर्फ आहे असं समजा." दहा वर्षं झालेल्यांना सामावून घ्यायचा शासन निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला, त्यानंतरही हे लोक रस्त्यावर बसलेच. तिची तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

मी निवृत्त झाले तेव्हा चार्ज तिलाच दिला. चार्ज देणं म्हणजे वस्तू मोजून देणं. वजनकाटा एक, टॉर्च एक, स्टीलचे ट्रे चार, बीपीचं पाऱ्याचं मशीन एक, तेही बंद. १९९४ पासून बंद. ते मला मिळालं तेव्हाही बंदच होतं. निर्लेखन करायला, म्हणजे वस्तू यादीतून काढायला समिती लागते आणि समिती कधी जमली नाही, म्हणून मी सही करून ते बंदच ताब्यात घेतलं होतं आणि आता तिने तसंच माझ्याकडून घेतलं. अठराव्या नंबरला 'बादली प्लॅस्टिक निळी' होती. बादली सापडेना. तासभर शोधली. शेवटी मी बाजारातून नवी आणली. निळी नव्हती, हिरवी मिळाली. ती म्हणाली, चालेल का? मी म्हटलं, तू सही कर.

पण मी सातशेवर होते.

वर्ष होत आलं तेव्हा मलाच चीड आली. तालुक्यावरून पक्कं उत्तर आलं होतं: पैसे गेले, आधारवरून गेले, परत आलेले नाहीत. मग कुठे गेले? एका रविवारी मी त्या कोलाम बाईला घेऊन बँकमित्राकडे, म्हणजे बँकेच्या गावातल्या एजंटकडे गेले. पानठेल्याला लागून त्याचं दुकान, अंगठ्याचं मशीन, भिंतीवर लक्ष्मीचं कॅलेंडर. त्याने तिच्या पासबुकाचं खातं पाहिलं, रिकामं. मग त्याने डोकं खाजवलं आणि विचारलं, "बाई, मोबाईलचं शिम घेतलंतं का कधी, अंगठा लावून?"

घेतलं होतं. दोन वर्षांपूर्वी, नवऱ्याने. शिमवाल्याने अंगठा तिचा घेतला होता, आधार तिचं होतं म्हणून. त्या अंगठ्याने सिमबरोबर एक खातंही उघडलं गेलं होतं, आणि आधारवरून येणारा पैसा तेव्हापासून निमूटपणे तिकडे जात होता. तिला माहीत नाही, नवऱ्याला माहीत नाही, मला तर नाहीच.

बँकमित्राने तिचं बोट मशीनवर ठेवलं. कामाने बोटं खरडलेली, दोनदा नाही म्हणालं. तिसऱ्यांदा तिने बोट लुगड्याला पुसून, तोंडाने वाफ देऊन ठेवलं. लागलं. त्याने आकडा वाचला, "एक हजार सहाशे चाळीस."

ती माझ्याकडे बघायला लागली. "सातशे होते नं?"

मी म्हटलं, वरचे गॅसच्या सबसिडीचे असतील, तुला सिलेंडर मिळालंय ना, त्याचे. तुझेच आहेत, काढून घे.

"मले कोनी सांगतलं नाही गॅसचं."

"मी सांगते ना."

तिने मान हलवली. कडेवरचं पोरगं दुसऱ्या कडेवर घेतलं आणि बँकमित्राला म्हणाली, "सातशेच काढा, भाऊ."

मी पुन्हा समजावायला गेले. तिने ऐकून घेतलं. मान डोलवली, तीच ती मान. सातशे रुपये मोजून घेतले, पदराच्या टोकाला बांधले, गाठ दोनदा ओढून पाहिली.

"बाकीचे राहू द्या त्यातच," ती म्हणाली. "थे दुसऱ्या कोन्या बाईचे असतीन. थेबी इचारत असन आपल्या सिस्टरले."

बँकमित्र माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मागे रांग होती, कोणीतरी म्हणालं, चला नं वं बाई लवकर.